खाडीवरचं वर्तुळ

आमच्या घरात एका उजेडावरून तीन मतं आहेत. दादा म्हणतो, तो तांबूस होता आणि हळूहळू सरकत होता. धाकटी म्हणते, तो हॅलेचा धूमकेतू होता, शाळेत बाईंनी त्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हणते, तो निळसर पांढरा होता, जवळजवळ जागच्या जागी होता आणि वाढत होता. तिघांनीही तो एकाच गच्चीवरून, एकाच कठड्याला टेकून पाहिला. आता तिघंही पन्नाशीच्या अल्याडपल्याड आहोत. भाऊबीजेला जमलो की कधीतरी विषय निघतोच, आवाज चढतात, आणि आई आतून म्हणते, "झालं का सुरू तुमचं आकाश?"

एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत आहे. त्या उजेडाचा शेवट कसा झाला, यावर. त्याबद्दल सगळ्यात शेवटी लिहिते.

लहानपणी पाहिलेलं बरंचसं मी विसरले. शाळेतल्या बाईंचे चेहरे गेले, वर्गातल्या मुलींची आडनावं गेली. ते वर्तुळ अजून दिसतं, आणि ते काय होतं हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. कुणी "असेल गं काहीतरी" म्हणालं की मन खट्टू होतं. काहीतरी होतं, एवढं मलाही ठाऊक आहे.

त्या वेळची वाशी आजच्या माणसाला सांगून पटत नाही. सिडकोच्या बुटक्या इमारती, त्यांच्या मध्ये मोकळी मैदानं, आणि वस्ती संपली की खाजण. रेल्वे नव्हती, ती १९९२ मध्ये आली. मुंबईला जायचं तर बसने, खाडीपुलावरून, आणि पूल एकच. पावसाळ्यात बेडूक, उन्हाळ्यात डास, आणि ओहोटीला वाऱ्याबरोबर येणारा चिखलाचा वास. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला तो वास आला की घर जवळ आल्यासारखं वाटायचं, अजूनही वाटतं.

रात्री गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला पारसिकच्या डोंगराची काळी रेघ दिसायची आणि तिच्या अलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचे दिवे. पश्चिमेला खाडी. खाडीपलीकडे मानखुर्दचे तुरळक दिवे, डावीकडे ट्रॉम्ब्याच्या चिमण्यांवरचे लाल ठिपके आणि रिफायनरीची ज्योत. उजवीकडे, कोपरखैरण्याच्या दिशेला, भातशेती नि खाजणं, म्हणजे निव्वळ काळोख. त्या काळोखामुळे आम्हाला आकाश मिळालं. दादाने सप्तर्षी आणि ध्रुव त्याच गच्चीवर शिकवले. मृगाचा बाण कुठे रोखलेला असतो तेही तिथेच कळलं.

मे महिन्याची सुट्टी होती. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत कामाला होते आणि त्या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे रात्री बारानंतर घरी. साताऱ्याहून आजी आली होती. उकाड्यामुळे इमारतीतली निम्मी माणसं गच्चीवर झोपायची. जेवणं झाली, आम्ही सतरंज्या आणि उशा घेऊन वर गेलो. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी कठड्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "ते काय आहे?"

खाडीच्या वर, जराशी उत्तरेकडे झुकलेली, एक उजेडाची खूण होती. चांदणीपेक्षा मोठी, पण चांदणीसारखी टोकदार नाही. आम्ही बघत होतो तेवढ्यात तिच्याभोवती फिकट उजेड पसरायला लागला. पाण्यात दुधाचा थेंब सोडला की तो जसा सावकाश सगळीकडून सारखा पसरतो, तसा. मधला ठिपका तसाच राहिला आणि वर्तुळ मोठं होत गेलं. चंद्राएवढं झालं, मग चंद्रापेक्षा कितीतरी मोठं. आवाज अजिबात नव्हता. मला सगळ्यात लख्ख आठवतं ते हे, की त्या वर्तुळातून पलीकडचे तारे दिसत होते. ढगाने तारे झाकले जातात, हे मला त्या वयातही माहीत होतं. हा ढग तारे झाकत नव्हता.

किती वेळ? दादा म्हणतो पाच मिनिटं. धाकटीच्या मते तासभर. मी काही आकडा सांगत नाही. तेवढ्या वेळात खालच्या मजल्यावरची माणसं हाका मारून वर बोलावता आली आणि ती येऊन उभीही राहिली, इतकंच खात्रीने सांगते.

मग ज्याने त्याने आपापलं सांगितलं. आजीने हात जोडले. तुकोबांना न्यायला आलेलं विमान असंच दिसलं असणार, असं ती म्हणाली, आणि आम्हाला चपला काढून उभं राहायला लावलं. मला आजीचं बोलणं आजही गैर वाटत नाही. तिच्याकडे जे होतं त्यातलं सगळ्यात मोठं तिने त्या उजेडाला देऊ केलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "स्कायलॅबचं भावंड आहे हे." ११ जुलै १९७९ ला अमेरिकेची ती सत्तराहून अधिक टन वजनाची अंतराळ प्रयोगशाळा पडायची होती तेव्हा आपल्याकडे गावोगाव घबराट झाली होती. अखेर तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. काकांच्या मनातून ती भीती गेलेली नव्हती, ते सारखे डोक्यावर बघत होते. आणखी कुणी म्हणालं, आपलंच रोहिणी असेल, भारताचा उपग्रह. श्रीहरिकोट्याहून नुकतंच सोडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीगावची मावशी मासळी घेऊन आली. आजीने तिला रात्रीची हकिगत सांगायला सुरुवात केली, तर ती टोपली उतरवता उतरवताच म्हणाली, "आमचे मान्सांनी बी बगला त्यो." तिचा नवरा आणि दीर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन खाडीत गेले होते. पाण्यावर उजेड पडला होता, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. आजी आणि ती बराच वेळ बोलत राहिल्या. मी तिथेच निवट्यांची टोपली बघत बसले होते. त्या दोन माणसांना आमच्यापेक्षा मोकळं आकाश दिसलं असणार. आजूबाजूला इमारत नाही, दिवा नाही. आणि भरती-ओहोटीवर पोट असलेल्या माणसाला वेळेचं भान आपल्यापेक्षा पक्कं असतं. त्यांना नीट विचारून कुणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर आज मला हे सगळं उकरत बसावं लागलं नसतं. मी मोठी होऊन चौकशी करायला गेले तेव्हा ती मावशी हयात नव्हती, आणि तिच्या घरच्या नव्या पिढीला ही गोष्ट माहीत नव्हती.

पुढे बरीच वर्षं मी त्या रात्रीचा विचार केला नाही. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न. मग कधीतरी पेट्रोझावोड्स्कबद्दल वाचनात आलं आणि मी ताठ उठून बसले.

पेट्रोझावोड्स्क हे रशियाच्या वायव्येचं, कारेलियातलं शहर. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे तिथल्या लोकांना आकाशात एक प्रकाशाचा गोळा दिसला. तो पसरत गेला, त्यातून किरण खाली सुटल्यासारखे दिसले. कुणाला त्यात तरंगणारा जेलीफिश दिसला. आसपासच्या देशांतूनही लोकांनी तो पाहिला. टास या सरकारी वृत्तसंस्थेने त्याची बातमीही दिली. खुलासा मात्र झाला नाही. खरं तर त्याच पहाटे तिथून काहीशे किलोमीटरवरच्या प्लेसेत्स्क तळावरून कॉसमॉस-९५५ नावाचा हेरगिरी उपग्रह सोडला गेला होता. पण असा तळ आहे हेच तेव्हा सोव्हिएत सरकार मान्य करत नव्हतं. रॉकेट सोडणाऱ्यांना सगळं माहीत होतं आणि शहरातल्या लोकांना काहीच माहीत नव्हतं. मला हे वाचून फार अस्वस्थ वाटलं होतं. त्या शहरात माझ्या वयाची मुलं असतील, त्यांच्याही घरात वाद झाले असतील, आणि उत्तर कुणाच्या तरी कपाटात होतं.

असा उजेड दिसतो कसा, ते समजून घ्यायला मला वेळ लागला, पण समजल्यावर ते इतकं सुंदर वाटलं की भेटेल त्याला सांगत सुटले. सूर्य मावळला म्हणजे तो आपल्यासाठी मावळला. आपण पृथ्वीच्या सावलीत गेलो, पण ती सावली जमिनीपासून हळूहळू वर चढत जाते. वाशीतल्या मे महिन्यात सूर्यास्तानंतर सव्वा-दीड तासाने डोक्यावरच्या सावलीची कड साधारण साडेतीनशे किलोमीटरवर असते, आणि पश्चिमेकडे त्याहून खाली. त्या कडेच्या वर अजून लख्ख ऊन असतं. संध्याकाळी उपग्रह दिसतात ते त्याच उन्हामुळे. आता समजा तितक्या उंचीवर एखाद्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याने उरलेलं इंधन बाहेर सोडलं. तिथे हवा जवळजवळ नाही, त्यामुळे त्या वायूला अडवणारं काही नाही. तो सगळ्या बाजूंनी सारखा पसरतो, उन्हात उजळतो आणि इतका विरळ असतो की पलीकडचे तारे दिसत राहतात. आवाज इथपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. खाली रात्र, वर दिवस, आणि मध्ये एक गोल उजेड. ९ डिसेंबर २००९ ला नॉर्वेच्या लोकांनी पहाटेच्या आकाशात एक प्रचंड चक्र फिरताना पाहिलं, तेही असंच. रशियाच्या बुलावा क्षेपणास्त्राची चाचणी फसली होती आणि ते गरगरत वायू सोडत गेलं होतं.

तारे झाकले जात नव्हते, हे माझं सगळ्यात पक्कं स्मरण. त्याला जागा देणारं स्पष्टीकरण मला पहिल्यांदाच भेटलं होतं. पण जागा आहे म्हणून ते खरं ठरत नाही. त्यासाठी तारीख हवी, वेळ हवी, दिशा हवी. मग मी चौकशीला लागले, आणि साक्षीदार घरातलेच होते.

वेळ आईकडून मिळाली. ती गच्चीवर आलीच नव्हती, म्हणून तिच्या आठवणीवर त्या उजेडाचा रंग चढलेला नाही. तिचं म्हणणं, शेजाऱ्यांकडे साडेसातच्या मराठी बातम्या लागल्या की ती कुकर लावायची आणि बातम्या संपल्यावर पानं घ्यायची. तीन मुलं, सासूबाई, जेवणं, मागचं आवरणं. साडेआठच्या आधी आम्ही वर जाणं शक्य नव्हतं. नऊच्या पुढे मात्र ती धाकटीला जागू देत नसे. म्हणजे साडेआठ ते नऊ. मेच्या मध्यात वाशीत सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. साडेआठला डोक्यावरचं ऊन साधारण साडेतीनशे किलोमीटरवर होतं, नऊपर्यंत आणखी बरंच वर गेलं होतं.

एवढ्याने एक शक्यता बाद झाली. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ प्लास्टिकचे अवाढव्य फुगे सोडतात. ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि सूर्यास्तानंतर उन्हात चमकताना दिसू शकतात. असाच एखादा फुगा वाऱ्याने आपल्याकडे आला असेल, असं मला काही दिवस वाटत होतं. पण त्या उंचीवरचं ऊन सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपतं. साडेआठला तो फुगा अंधारात असणार. शिवाय फुगा पाच मिनिटांत चंद्रापेक्षा मोठा होत नाही.

वर्षाचा पत्ता दादाने लावला. त्याची खूण क्रिकेटची. त्या सुट्टीनंतर, शाळा सुरू झाल्यावर लगेच कपिलने वर्ल्ड कप उचलला, म्हणजे मे १९८३. धाकटीची खूण हॅले, म्हणजे १९८५-८६ चा हिवाळा आणि त्यानंतरचा वसंत. पण धूमकेतू रात्रींमागून रात्री जागा बदलतो, डोळ्यांदेखत फुगत नाही. शिवाय आजी हॅलेच्या वेळी अंथरुणाला खिळली होती, ती आमच्या गच्चीवर कशी असेल? इमारतीतला दादाचा एक मित्र अजून छातीठोकपणे सांगतो की ते राकेश शर्माचं यान होतं. ते उड्डाण ३ एप्रिल १९८४ चं, आणि आठ दिवसांत शर्मा परतही आले होते. एप्रिलमध्ये आमच्या परीक्षा असत, तेव्हा गच्चीवर झोपायला कोण सोडतंय? रोहिणीचं म्हणाल तर एसएलव्ही-३ या रॉकेटने तो उपग्रह १७ एप्रिल १९८३ ला नेला होता. तेव्हा "नुकतंच सोडलेलं" हे शेजाऱ्यांचं बोलणं दादाच्या वर्षाला पुष्टी देतं, पण महिन्याभरापूर्वीचं ते सकाळचं उड्डाण आम्हाला मे महिन्यातल्या रात्री दिसणार नाही.

मग एक विलक्षण गोष्ट झाली. मी दादाला फोनवर सहज विचारलं, "त्या उजेडाच्या शेजारी आणखी काही होतं का रे?" तो म्हणाला, "होती ना, डावीकडे खाली एक मोठी चांदणी. मला आधी वाटलं हिचंच पिल्लू आहे ते." मी त्याला कारण सांगितलं नाही. संगणकावर स्टेलारियम, म्हणजे कुठल्याही रात्रीचं आकाश दाखवणारा प्रोग्रॅम, उघडलं, वाशीचे अक्षांश-रेखांश भरले, मे १९८३ लावला. रात्री साडेआठ. पश्चिमेला, जराशी वायव्येकडे, शुक्र तेजस्वी झळकत होता. मे १९८४ लावला, तर शुक्र सूर्याच्या इतका जवळ की दिसणंच शक्य नाही. माझ्या भावाने चाळीस वर्षं एक पुरावा डोक्यात बाळगला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्री मी आनंदाने झोपू शकले नाही.

शुक्र सापडल्यावर शंकाही आली, हे सांगायला हवं. न ओळखलेल्या दिव्यांमध्ये शुक्राचा वाटा फार मोठा असतो. आमचा उजेड म्हणजे पातळ ढगाआडचा शुक्र आणि त्याभोवती पडलेलं खळं तर नसेल? पण दादाला चांदणी आणि वर्तुळ वेगवेगळी आठवतात. खळं पडायला ढग लागतो, आणि तो सगळ्याच ताऱ्यांना मंद करतो. शुक्राभोवतीच्या असल्या फिकट खळ्याने खाडीच्या पाण्यावर माणसांच्या लक्षात राहील असा उजेडही पडणार नाही. ही शंका मी वहीत लिहून ठेवली आहे, खोडलेली नाही.

पुढे अडतं ते तारखेपाशी. त्या काळात सोव्हिएत संघ वर्षाला शंभराच्या घरात उड्डाणं करत होता. त्यांच्या याद्या आता कुणालाही बघता येतात, तारीख आणि वेळेसकट. मे १९८३ मध्येही अनेक उड्डाणं आहेत. आमची रात्र मेची कितवी होती हे कळलं, तर तासाभरात निकाल लागेल. मी मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात बसून त्या महिन्याची वर्तमानपत्रं चाळली. पिवळी पानं उलटताना हात सांभाळावा लागतो, कडा तुटतात. खाडीवरच्या उजेडाची बातमी नव्हती. इतक्या माणसांनी पाहिलं, आणि एकाच्याही हातात पेन्सिल नव्हती. बाबांची शिफ्ट कोणत्या आठवड्यात होती, हे सांगणारा कागद कंपनीबरोबर गेला. ती कंपनी केव्हाच बंद झाली, तिथे आता काचेची इमारत आहे.

आमच्या तिघांच्या आठवणी इतक्या वेगळ्या का, याचं उत्तरही मला शोधावंसं वाटलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांना तेच पुन्हा विचारलं. अनेकांची नवी उत्तरं जुन्या कागदाशी जुळत नव्हती, पण खात्री मात्र पक्की होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही. माझा निळसर पांढरा आणि दादाचा तांबूस, यांतलं कुठलं खरं हे आमच्या खात्रीवरून ठरणार नाही. म्हणून मी आता त्याच्याशी रंगावरून भांडत नाही. शेजारी काय होतं, किती उंच होतं, आधी काय झालं, नंतर कोण काय बोललं, हे विचारते. कडेकडेच्या गोष्टींवर आपण इतक्या वेळा हात फिरवलेला नसतो, त्यामुळे त्या बऱ्याचदा शाबूत राहतात, असा माझा अनुभव.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. अकोल्याच्या आत्येभावाचा फोन आला, त्याचा आवाज कापत होता. विदर्भ-खानदेशातून जळत्या तुकड्यांची एक रांग आकाश ओलांडून गेली होती. काही मिनिटांत फोनवर चित्रफिती येऊ लागल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं, आसपास धातूचे गोळे मिळाले. आणि उत्तर यायला फार वेळ लागला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा परतून वातावरणात जळाला होता. कोणता तुकडा, केव्हा सोडलेला, कुठल्या मार्गाने आला, सगळं. मी भावाला ते समजावून सांगितलं आणि तो निर्धास्त झाला. मी मात्र फोन ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्याला मिळालं ते मला हवं होतं. उत्तर कळल्याने त्याची संध्याकाळ जरासुद्धा फिकी झाली नाही. तो अजून ती गोष्ट त्याच थरारून सांगतो, आणि आता रॉकेटच्या नावासकट सांगतो. गूढ उकललं की सौंदर्य संपतं असं म्हणणाऱ्यांना मी त्याच्याकडे पाठवते.

लोक दोन्ही बाजूंनी घाई करतात. एकीकडे उडती तबकडी, परग्रहवासी, कुणाचा तरी गुप्त डाव. दुसरीकडे, "उल्का असेल गं." उल्का बहुतेक वेळा काही सेकंदांत संपते. ती पाच मिनिटं एका जागी फुलत बसत नाही. हे म्हणणाऱ्या माणसाने माझं ऐकून घेतलेलं नसतं, त्याला फक्त विषय मिटवायचा असतो. मला दोघांचाही सारखाच त्रास होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नासाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशा न ओळखलेल्या दृश्यांवर अहवाल दिला. ती परग्रहावरून आल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. पण अहवालातला जो भाग मला भिडला तो वेगळा होता. मुख्य अडचण आहे ती चांगल्या नोंदींची, असं समितीने बजावून सांगितलं. आमच्या गच्चीची अडचण तीच आहे.

आता आम्ही नेरूळला राहतो. गच्चीवरून सप्तर्षी शोधायला डोळे ताणावे लागतात, मृगाचे चार तारे कसेबसे दिसतात. उलव्याकडे नवा विमानतळ सुरू झाला आहे, आणि उतरणाऱ्या विमानाचे दिवे आपल्याकडे तोंड करून असले की ते कितीतरी वेळ हललेलेच दिसत नाहीत. माझी भाची पहिल्यांदा ते बघून धावत आली होती. मी तिला उत्तर दिलं नाही, वही दिली. किती वाजले ते लिही. कुठल्या इमारतीच्या वर आहे ते लिही. हात लांब करून मूठ धर, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, क्षितिजापासून किती मुठी ते मोज. करंगळी आडवी धरली तर एक अंश, पौर्णिमेचा चंद्र तिच्या निम्मा. हलतंय की उभं आहे, मिचमिचतंय की स्थिर, आवाज किती वेळाने आला. स्वतःचं लिहून होईपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, ही सगळ्यात कडक अट. तिने लिहिलं, मोजलं, आणि "विमान" असं तिचं तिनेच ठरवलं. तिच्या वहीत आता दोन नोंदी अशा आहेत ज्यांच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं आहे. त्या तिला सगळ्यात जास्त आवडतात.

इंधनाचा ढग हे स्पष्टीकरण मला आज सर्वांत जवळचं वाटतं. वेळ जुळते, शांतता जुळते, वर्तुळातून दिसणारे तारे जुळतात. पाण्यावरचा उजेड जेमतेम जुळतो. शेवट जुळत नाही. असा ढग फिका होत होत विरून जातो, असं मी जिथे जिथे वाचलं तिथे लिहिलेलं आहे.

आमचं वर्तुळ तसं विरलं नाही. त्याचं काय झालं ते दादाने, धाकटीने आणि मी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना न विचारता कागदावर लिहिलं, आणि तिन्ही कागदांवर तेच आलं. ते काय, हे मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. मी लिहिलं तर वाचणाऱ्याच्या आठवणीत ते शिरेल आणि मग त्याचा उपयोग राहणार नाही. ज्या कुणी मे १९८३ मध्ये वाशीगावातून, जुहूगावातून, कोपरखैरण्यातून, ठाण्यातून किंवा खाडीपलीकडच्या मुलुंड-विक्रोळीतून हे पाहिलं असेल, त्यांना माझी विनंती आहे. रंगाचं राहू द्या. ती रात्र कितवी होती ते कशावरून तरी आठवतंय का बघा. घरात कुणाचं लग्न होतं, कुणी गावाहून आलं होतं, पंचांगात काही होतं, चालेल. आणि शेवटी त्या उजेडाचं काय झालं, तेवढं एका ओळीत लिहून कळवा.